देऊन टाकणं आणि टाकून देणं

शनिवार पेठेतलं घर सोडून वारज्याला आलो. सामान लागलं, खोकी मोडून झाली, तरी खाली हँगरचा ढीग उरलाच. मोजले तर 69. नव्या कपाटाच्या दांडीवर तीसच्या वर मावत नाहीत. इतके आम्ही आणले कधी? आणलेच नव्हते. शर्टांबरोबर आले, लॉण्ड्रीतून साड्यांबरोबर आले. पुढे कपडे विरले, बोहारणीकडे गेले, त्यांच्या बदल्यात पातेली आली. बोहारणीने हँगर मात्र कधी मागितला नाही. आजीच्या घरी भिंतीला खुंट्या आणि माजघरात वलणी होती. घर सोडलं की खुंट्या घराच्या घरीच राहायच्या.

तारेचे आणि लाकडी हँगर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आनंदाने घेतले. उरले प्लास्टिकचे 31. ते पिशवीत भरून सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींपुढे धरले. ‘देऊन टाकते,’ म्हटलं. त्यांनी एक हँगर काढला, आकडा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘ताई, लोखंड येगळं, प्लास्टिक येगळं. असं एकात एक असलं की कुणी घेत नाही. मलाच बसून तोडावं लागतं.’

पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 साली उभी राहिली. तिचं नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. एकेक जिन्नस सुटा केला तरच त्याला भाव येतो आणि तो सुटा करतात ते कष्टकऱ्यांचे हात, हे त्या नावातच आहे. हँगर नेमका उलट. दोन जिन्नस कारखान्यात एकमेकांत घट्ट बसवलेले. आणि ते सोडवण्याचं काम शेवटी त्याच्याकडे जातं, ज्याने त्यावर एकही कपडा टांगलेला नाही.

माझ्या तोंडी ‘देऊन टाकते’ होतं, पण मी करत होते ते टाकून देणं. शब्द तेच, फक्त उलटे. देऊन टाकताना घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग होईल, हा विचार आधी लागतो. टाकून देताना आपली जागा मोकळी झाली की झालं. घर बदलताना आपण कितीतरी वस्तूंबाबत दुसरं काम पहिल्याच्या नावाने करतो, म्हणजे दान म्हणून टाकतो. मला ते त्या दिवशी फार लागलं.

पिशवी परत आत आणली. दुपारी पक्कड घेऊन बसले. काही आकडे फिरवले की सुटले. काहींचं प्लास्टिक कडकन तुटून तुकडा गालाला लागला, मग फडकं गुंडाळून तोडायला लागले. एकतिसावा होईपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. मावशी अशा वस्तू रोज सोडवतात.

दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या दिल्या. आकड्यांची पिशवी त्यांनी हातावर तोलली, लोखंडाच्या गोणीत रिकामी केली आणि रिकामी पिशवी घडी घालून मला परत दिली.