उद्यासाठी ठेवलेले कढण



हुलग्याचे कढण ज्या घरात कधीच शिजले नाही, असे घर आपल्या भागात शोधावे लागेल. कोणी त्याला कळण म्हणतात, कोणी कट म्हणतात. पावसाळ्यात सर्दी-पडसे झाले, आजारी माणसाच्या तोंडाची चव गेली, की पहिली आठवण कढणाची होते. हुलगा हे मुळात कोरडवाहू रानाचे कडधान्य. जमीन हलकी असो, पाऊस कमी असो, त्याची तक्रार नसते. आपला इंदापूर तालुका पर्जन्यछायेत येतो. नीरेचे आणि पुढे उजनीचे पाणी आले, माळावर ऊस उभा राहिला आणि हुलगा मागे सरला. पण स्वयंपाकघरातून तो गेला नाही. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे तो चालत आला आहे.

बदलली ती शिजवण्याची रीत. पूर्वी रात्रीचा स्वयंपाक उरकला की हुलग्याचे मडके चुलीच्या वैलावर सरकवून ठेवत आणि निखाऱ्याच्या उबेवर ते पहाटेपर्यंत शिजत राही. आता काही घरांत सहा-आठ तास मंद आचेवर शिजवणारे विजेचे भांडे आले आहे. एकदाच मोठा घाणा शिजवायचा, डब्यांत भरायचा, फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि महिना-दोन महिने लागेल तसा काढायचा. पुण्याला किंवा पिंपरी-चिंचवडला नोकरी करणारा मुलगा गावी आला की जाताना दोन गोठलेले डबे त्याच्या पिशवीत जातात.

यावर दोन आक्षेप कानी येतात. पहिला असा, की आपण प्रार्थनेत फक्त रोजची भाकर मागतो, मग तीन महिन्यांचे साठवायचे कशाला? हा देवावरचा अविश्वास नाही का? दुसरा असा, की विजेच्या भांड्यात शिजलेले आणि बर्फात ठेवलेले हे कढण आजीचे कढण राहते का? प्रश्न साधे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एक मोठा नैतिक प्रश्न आहे : ठेवलेली वस्तू कोणाची असते?

पहिल्या आक्षेपाला बायबलमध्ये आधार आहे. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तेव्हा तो सकाळपर्यंत ठेवू नका, अशी आज्ञा होती. काहींनी ठेवला आणि त्यात किडे पडले. पण ही कथा येथे संपत नाही. सहाव्या दिवशी त्याच लोकांना दुप्पट गोळा करून ठेवायला सांगितले गेले आणि तो मान्ना नासला नाही. मान्ना तोच, भांडे तेच. मग फरक कशात होता? पहिल्या वेळी उद्या मिळेल की नाही या धास्तीने ठेवला होता. दुसऱ्या वेळी ठेवला तो शब्बाथाच्या दिवशी सर्वांना विसावा मिळावा म्हणून. म्हणजे ठेवण्याला मनाई नव्हती. कशासाठी ठेवले याला महत्त्व होते.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी याच प्रश्नाचा तत्त्वज्ञानाच्या अंगाने विचार केला. दूरदृष्टी हा त्यांच्या मते विवेकाचाच एक भाग आहे. उद्याचा विचार करणे हे पाप नाही. मुंगीचे उदाहरण आपल्यापुढे आहेच. पण प्रत्येक काळाची आपापली काळजी असते. उन्हाळ्यात धान्याच्या कापणीची काळजी करावी, द्राक्षांच्या तोडणीची काळजी तिच्या हंगामात करावी. पुढच्या हंगामाची काळजी आजच डोक्यावर घेणे हे अनाठायी ओझे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर उद्याची तयारी करावी, उद्याची धास्ती घेऊ नये.

साठवण ही आपल्या मातीला नवी नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. त्या वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे होते, गावप्रमुखाचे मानल्या गेलेल्या घराशेजारी धान्याचे कोठार होते आणि सापडलेल्या दाण्यांत हुलगाही होता. पुढे पेव आले, बळद आले, कणगी आली. पाऊस दगा देतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी धान्य ठेवले म्हणूनच पुढच्या पिढ्या जगल्या. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसे आजही आपल्यात आहेत. कणगी रिकामी होणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे. ज्याने भूक पाहिली आहे तो डबा भरून ठेवतो, तेव्हा त्याला अविश्वासू म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र कोठार आले की किल्ली आली आणि किल्ली आली की सत्ता आली. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला आणि दुष्काळात कोठारे उघडली. लोक वाचले, त्याचे स्वतःचे भाऊही वाचले. पण त्याच ग्रंथात पुढे हेही लिहिले आहे की धान्य विकत घेता घेता लोकांचा पैसा संपला, गुरे गेली, जमिनी गेल्या आणि शेवटी ते राजाचे दास झाले. चांगल्या हेतूने केलेली साठवणसुद्धा दुसऱ्याला मिंधे करू शकते.

याउलट आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आख्यायिका पाहा. बहामनी राजवटीतले ते अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. परवानगी घेतली नाही. कायद्याने ते धान्य बादशहाचे होते. पण दामाजीपंतांनी ते भुकेल्यांचे मानले. संत थॉमस अक्विनास यांचेही मत असेच आहे. मालकीहक्क योग्य आहे, पण जीव जाण्याची वेळ आली की अन्नावर सर्वांचा हक्क लागतो आणि अशा वेळी घेणाऱ्याला चोर म्हणता येत नाही. चौथ्या शतकात कप्पदुकियात दुष्काळ पडला तेव्हा संत बेसिल यांनी श्रीमंतांना स्पष्ट बजावले होते, की तुम्ही राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे. मंगळवेढा आणि कप्पदुकिया, दोहोंकडून उत्तर एकच येते.

आता प्रभू येशूच्या दाखल्यातील तो धनवान शेतकरी आठवा, ज्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले. त्याचा दोष कोणता? पीक चांगले आले हा दोष नव्हे. कोठार बांधणे हाही नव्हे. त्याचे बोलणे नीट ऐकले तर ध्यानात येते की तो सगळा वेळ स्वतःशीच बोलतो आहे. माझे पीक, माझे धान्य, माझा जीव. त्याच्या साऱ्या बेतात बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. दुसरे कोणीच नाही. ज्या साठवणीत दुसऱ्याचे नाव नाही, ती साठवण माणसाला एकटे करते. म्हणून फ्रीजर उघडला की किती ठेवले आहे एवढेच न पाहता कोणाकोणासाठी ठेवले आहे, हेही पाहावे.

हीच कसोटी दुसऱ्या आक्षेपालाही लागू पडते. परंपरा हीसुद्धा एक ठेवलेली वस्तू आहे. ती तरी कोणासाठी ठेवायची? एसावाने भुकेच्या भरात एका वाडगाभर मसुरीच्या कालवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला. आपल्याला वाटते, आपण असे काही करणार नाही. पण घाईपुढे आपणही थोडाथोडा वारसा विकत असतो. तयार पाकीट फोडून गरम पाण्यात घातले की काम झाले, मग हुलगे निवडायचे, भिजवायचे कोणी? या घाईत, एकदाच वेळ काढून घरचे कढण शिजवून ठेवणे हे वारसा टिकवणेच आहे.

दुसरीकडे, परंपरा म्हणजे मडके आणि चूल असे मानणेही चूक आहे. घेवड्याची आमटी आपण पिढीजात म्हणतो. पण राजमा-घेवड्याच्या जातीचे मूळ अमेरिका खंडातले. मिरचीही तिकडचीच. आपल्या पूर्वजांनी नवे घेतले आणि आपलेसे केले. शिवाय त्या चुलीपुढे धूर कोण सोसत होते? पहाटे चारला उठून फुंकणी कोण फुंकत होते? एका बाईच्या डोळ्यांच्या आणि फुप्फुसांच्या किमतीवर जी परंपरा टिकते, तिचे गोडवे जेवणाऱ्यांनी गाऊ नयेत. शनिवारी शिजवून ठेवलेल्या कढणामुळे रविवारी घरातली माउली मिस्साबलिदानाला निश्चिंत मनाने बसू शकत असेल, दुपारी तासभर पाठ टेकू शकत असेल, तर सहाव्या दिवसाच्या मान्नासारखेच ते विसाव्यासाठी ठेवलेले अन्न आहे. हुलगे निवडायला आणि डबे भरायला घरातील पुरुषांनी हात लावला, तर तो विसावा खरा.

रीतही येथे सांगून ठेवतो, कारण चांगल्या हेतूने वाढलेले अन्न बाधले तर हेतू कामाला येत नाही. एक वाटी हुलगे निवडून रात्रभर भिजवावेत. ते पाणी टाकून द्यावे. नव्या सात-आठ वाट्या पाण्यात आधी मोठ्या आचेवर दहा मिनिटे खळखळून उकळावेत आणि मग मंद आचेच्या भांड्यात आठ तास शिजू द्यावेत. राजमा किंवा वाघ्या घेवडा असेल तर ही उकळी कधीच टाळू नये. अर्धा तास दिली तर अधिक चांगले. त्या दाण्यात एक विषारी प्रथिन असते. ते खऱ्या उकळीनेच नष्ट होते. नुसत्या मंद उष्णतेने विषार उलट वाढू शकतो. चिंच किंवा आमसूल दाणे मऊ झाल्यावरच घालावे, आंबटाने दाणा शिजत नाही. शिजलेले कढण परातीत गार पाणी घेऊन त्यात भांडे ठेवून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत डब्यांत भरून आत ठेवावे. पाणी गोठताना फुगते, म्हणून डबा बोटभर रिकामा ठेवावा. वर तारीख लिहावी आणि तीन महिन्यांत संपवावे. वीज गेली तर दार उघडू नये; भरलेला फ्रीजर बंद राहिला तर सुमारे दोन दिवस थंडी धरतो. खायच्या आदल्या रात्री डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढावा, दुसऱ्या दिवशी चांगली उकळी द्यावी आणि एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. लसूण-जिऱ्याची फोडणी मात्र त्याच दिवशी, ताजी द्यावी.

या शेवटच्या वाक्यावर आमचा विशेष भर आहे. ठेवलेल्या अन्नाला वाढणाऱ्याचा हात लागतो तेव्हाच ते जेवण होते. मुलाने गावाहून डबा नेला, पण आईशेजारी बसून जेवला नाही. मुलीने म्हाताऱ्या आईवडिलांचा फ्रीजर महिन्याभरासाठी भरून दिला आणि महिनाभर फिरकली नाही. तर पोट भरेल, माणूस उपाशी राहील. डबा ही भेटीची जागा घेणारी वस्तू नव्हे. येता आले नाही त्या दिवसाची ती सोय आहे. ही मर्यादा ओलांडली की सोयीचे रूपांतर दुराव्यात होते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

दानाच्या बाबतीतही एक पथ्य पाळू या. गळीत हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईला पुन्हा तीन दगडांची चूल पेटवावी लागते. तिच्या घरी एखादे दिवशी गरम कढण पोहोचले तर ते मोलाचे आहे. पण तारीख उलटलेला, आपल्या घरात कोणी खात नाही असा डबा बाहेर काढून देणे याला दान म्हणू नये. पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी सांगितले होते, की अन्न टाकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे होय. मग टाकण्याजोगे अन्न गरिबाच्या ताटात घालणे हे तरी त्याहून कितीसे वेगळे? जे आपण स्वतः आवडीने खाऊ तेच द्यावे आणि त्याच तारखेचे द्यावे.

म्हणून एक साधा नियम सुचवतो. घरात कढणाचा मोठा घाणा शिजेल तेव्हा भरलेल्या डब्यांपैकी एका डब्यावर तारखेबरोबर घराबाहेरच्या एखाद्या माणसाचे नाव लिहावे. शेजारची एकटी राहणारी आजी असेल, दवाखान्यातून नुकताच घरी आलेला कोणी असेल, कोपीतले एखादे कुटुंब असेल. नाव आधी लिहायचे, म्हणजे तो डबा उरलासुरला राहत नाही. तो पहिल्यापासून त्यांचाच असतो आणि आपण फक्त राखणदार असतो. आणि तो पोहोचवायला लहान मुलांना बरोबर न्यावे. कढण कसे करायचे हे ती पुढे कोठूनही शिकतील. ते कोणाला नेऊन द्यायचे, हे मात्र त्यांनी आपल्याकडूनच शिकले पाहिजे.