दगडांसाठी रडावे का?



१५ एप्रिल २०१९, पवित्र आठवड्याचा सोमवार. त्या संध्याकाळी पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल पेटले. छप्पर जळाले, मनोरा कोसळला. लोक रस्त्यावर गुडघे टेकून गात होते, रडत होते.

ख्रिस्तसभा म्हणजे माणसे, इमारत नव्हे, असे आपण शिकतो. मग दगड-लाकडासाठी रडावे का?

रडावे. आपला देव देहधारी झाला. पाणी, तेल, भाकर यांतून तो आपल्याला भेटतो. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना ऐकल्या, त्यांच्यासाठी आलेले अश्रू म्हणजे अश्रद्धा नव्हे.

पण दुःखाने सण अडवू नये. दोनच दिवसांनी, बुधवारी, तिथल्या आर्चबिशपांनी संत सुल्पिस चर्चमध्ये पवित्र तेलांना आशीर्वाद दिला. रविवारी संत युस्टॅश चर्चमध्ये त्यांनी पुनरुत्थानाची मिस्सा अर्पण केली. कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये उघडले; ईस्टर तोवर थांबला नाही.

सणाच्या तोंडावर घरात आजारपण येते, नोकरी जाते, कुणी कायमचे जाते. ‘यंदा आम्हाला सण नाही,’ असे आपण म्हणतो. डोळे पुसण्याची घाई नको. पण सण आपल्या तयारीतून येत नाही, देवाकडून येतो. दार तेवढे उघडे ठेवा.