धुऱ्याखालचं पाणी

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात उन्हाळ्यात बोअरची गाडी आली की आजूबाजूच्या वावरांत चुळबूळ सुरू होते. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथं खूण करतो. मग दोनशे, तीनशे, पाचशे फूट. फुफाट्याच्या जागी चिखल उडायला लागला की मालकाच्या जिवात जीव येतो. शेजारचा मात्र आपल्या विहिरीत डोकावून येतो. धुरा वर असतो, खाली नसतो.

‘रान माझं, पैसा माझा, कुणाच्या बापाचं काय जातं?’ हे बोलणं नुसतं उर्मटपणाचं नाही, त्याला कायद्याचाही आधार होता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं जमिनीखालचं पाणी उपसायचा मालकाचा हक्क मान्य केला. तेव्हा मोट होती, बैल दमले की उपसा थांबायचा. सबमर्सिबल पंप दमत नाही.

आणि हे स्वातंत्र्य तरी कुणाचं? पाचशे फूट परवडणाऱ्याचं. चाळीस फुटांच्या विहिरीवर चार पोती ज्वारी काढणाऱ्यालाही तोच हक्क आहे, फक्त त्याच्या हक्कात पाणी नाही. त्याची विहीर आटली की तो ऊसतोडीला जातो, आणि आपण त्याला दुष्काळ म्हणतो. त्यामुळे बोअरवर बंधन आलं की स्वातंत्र्य गेलं, ही ओरड मला अर्धवट वाटते.

कायदे बदलले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हे 1993 मध्येच ठरलं. 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरच्या पलीकडे खोल जाण्यावर बंधन घातलं. पण तक्रार करणार कोण? भावकीत वैर कुणाला हवंय?

हिवरे बाजारनं हेच गावात बसून ठरवलं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नसे. ऊस बंद. इथं मोठ्या शेतकऱ्याच्या मोकळिकीला कात्री लागली हे खरंच, पण ज्याच्याकडे वावरच नव्हतं असा माणूस पहिल्यांदा पाण्याचा वाटेकरी झाला.

दिंद्रुडच्या भागात हे इतकं सोपं नाही. जवळच तेलगावला साखर कारखाना आहे. उसाला निदान ठरलेला दर आहे; सोयाबीन आणि कापसाचा भाव बाजारात गेल्यावरच कळतो. ‘गावासाठी ऊस सोड’ असं शेतकऱ्याला सांगताना त्या तोट्यातला वाटा गाव किंवा सरकार उचलणार नसेल, तर तीही एक प्रकारची दांडगाईच.

निदान एवढं तरी करता येईल: गावात बोअर किती, कुणाचं किती फूट खोल, याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येईल. घरकुलाची यादी लागली की सगळं गाव ती वाचतं. बोअरची यादी लावायला फळ्यावर जागा आहे.