व्याज हराम, मग कर्ज कोण देणार?

आपल्या जमाअतीत व्याजाविषयी जेवढे बोलले जाते तेवढे कर्जाविषयी बोलले जात नाही, हे आपल्या लक्षात आले आहे काय? रिबा सोडत नसाल तर अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांकडून युद्धाची घोषणा ऐका, हा सूरह अल-बकरामधील इशारा जुम्याच्या खुतब्यात आपण अनेकदा ऐकतो आणि तो ऐकून अंगावर काटा येतो. तो यायलाच हवा. परंतु हा इशारा त्या सूरहमध्ये एकटा आलेला नाही. त्याच्या आधी दोन रुकू दानधर्माचे विवेचन आहे. त्याच्या लगेच नंतर कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, अशी आज्ञा आहे आणि त्यापुढे कर्जाचा व्यवहार कसा लिहून ठेवावा हे सांगणारी, संपूर्ण कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. म्हणजे व्याजाचा दरवाजा बंद करण्यापूर्वी आणि केल्यानंतर अल्लाहने गरजवंतासाठी दुसरे दोन दरवाजे उघडले आहेत. आपण मात्र बंद दरवाजावर पहारा देतो आणि उघड्या दरवाजांना कुलपे घालून बसतो.

त्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जो समाज आपल्या गरीब व्यापाऱ्याला व्याजाने पैसा घेऊ नकोस असे बजावतो, पण स्वतः त्याला बिनव्याजी रुपयाही देत नाही, त्या समाजाची अल्लाहपुढे जबाबदारी काय?

हातगाडीवर फळे विकणाऱ्या एखाद्या भावाचा हिशोब मांडून पाहा. पावसात माल सडला, घरात आजारपण आले आणि भांडवल संपले. पहाटे मार्केटमध्ये माल उचलायला रोख लागते. तो रोजच्या वसुलीवाल्या सावकाराकडे जातो. कागदावर दहा हजार लिहिले जातात, हाती नऊ हजार पडतात आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये फेडायचे असतात. ऐकायला हे किरकोळ वाटते. एक हजाराचाच तर फरक! पण पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जात असते, म्हणून वर्षाच्या हिशोबाने हा दर पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. मुदत संपते तेव्हा गाठीला काही उरलेले नसते आणि तो पुन्हा त्याच दारात उभा राहतो. हा माणूस आपल्याच सफमध्ये, कदाचित आपल्याच खांद्याला खांदा लावून नमाज पढतो. त्याला निषिद्धतेचे ज्ञान नाही असे समजू नका. त्याच्याजवळ ज्ञान आहे, भांडवल नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक अन्सारी गृहस्थ मदत मागायला आले, ही हदीस अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आली आहे. तिच्या सनदीविषयी मुहद्दिसांत चर्चा आहे, पण तिचा आशय इतर सहीह हदीसींशी जुळतो. प्रेषितांनी (स.) त्यांना घरात काय आहे असे विचारले. अंथरायची-पांघरायची एक जाड चादर आणि पाणी पिण्याचा एक प्याला, एवढाच संसार. प्रेषितांनी (स.) त्या दोन वस्तूंचा लिलाव केला, दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणवले, स्वतःच्या हातांनी त्याला दांडा बसवला आणि पंधरा दिवस मला दिसू नका, लाकडे तोडून विका, असे सांगितले. ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ दहा दिरहम होते. या प्रसंगावरून भीक मागू नये हा बोध आपण तत्परतेने काढतो. पण तो दांडा कोणी बसवला, हे विसरतो. गरिबाला केवळ ‘काम कर’ असे सांगून ती मजलिस संपली नव्हती.

मदीनेतील भाईचाऱ्यात हजरत सअद बिन रबीअ (र.) यांनी आपली अर्धी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांना देऊ केली. त्यांनी दुवा दिली, आभार मानले आणि बाजार कुठे आहे तेवढे दाखवा, असे म्हटले. चीज आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली. स्वाभिमानी माणसाला दान नको असते, बाजाराचा रस्ता हवा असतो. आज तो रस्ता दाखवायचा म्हणजे काय करायचे?

त्याचा एक भाग सरकारी योजनांचा आहे आणि इथे आपल्यात मोठा गोंधळ आढळतो. ‘योजना म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे व्याज, म्हणून योजनाच नको’ असे सरसकट म्हटले जाते. हे बरोबर नाही. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यात व्याजाचा संबंधच नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत फेरीवाल्याला हुसकावता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले असावे लागतात. आपल्या शहरात ती समिती आहे काय, तिच्यात आपल्या मोहल्ल्यातील कोणी आहे काय, हे आपण कधी विचारले? २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी, न्हावी, गवंडी, सुतार, लोहार, कुलूप बनवणारे असे आपल्या वस्त्यांतले अनेक कारागीर येतात. तिच्यात कर्जाचा भाग सव्याज आहे. पण प्रशिक्षणाच्या काळात मिळणारा दररोज ५०० रुपयांचा भत्ता आणि अवजारांसाठीची १५,००० रुपयांपर्यंतची मदत हा त्याहून वेगळा भाग आहे. कर्ज न घेताही तो घेता येतो. ज्या कारागिराला अर्ज भरता येत नाही त्याच्यासोबत सेवा केंद्रापर्यंत जाणे, हे आपल्या शिकलेल्या तरुणांसाठी अर्ध्या दिवसाचे काम आहे.

उरला तो सव्याज भाग. मुद्रा योजनेचे कर्ज, २०२० पासूनचे फेरीवाल्यांसाठीचे स्वनिधी कर्ज, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे कर्ज, या सर्वांत व्याज आहे, मग ते कितीही अल्प असो. स्वनिधीत वेळेवर फेड केल्यास सात टक्के व्याज-अनुदान खात्यात परत येते. म्हणून ते रिबाच्या व्याख्येतून सुटते, असे मी म्हणणार नाही. नाइलाजाच्या मर्यादा कुठे सुरू होतात याविषयी उलमांची मते भिन्न आहेत आणि गरजवंताने आपल्या भरवशाच्या आलिमाला आपली परिस्थिती सांगूनच निर्णय घ्यावा. मात्र एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. ज्याच्या घरात वर्षानुवर्षे शिल्लक पडून आहे, त्याला या फेरीवाल्यावर फतवा देण्याचा अधिकार पोहोचत नाही. हदीसमध्ये व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार यांचा निषेध आला आहे. जवळ असूनही शेजाऱ्याला त्या दारात जाऊ देणारा त्या यादीत नाही, म्हणून त्याने निश्चिंत राहावे काय? सूरह अल-माऊनमध्ये साध्या वापराच्या वस्तू अडवून ठेवणाऱ्या नमाजींविषयी काय आले आहे, ते पुन्हा एकदा वाचून पाहा.

कर्जे हसनाची व्यवस्था ही केवळ कल्पना नाही. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून लोकांच्या ठेवी सांभाळून त्यांतून दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देत आला आहे. लाहोरच्या ‘अखुवत’ने २००१ मध्ये दहा हजार रुपयांच्या एका कर्जाने आरंभ केला. तिथे कर्जाचे वाटप मशिदीत, जमावासमोर होते. ख्रिस्ती कर्जदारांसाठी चर्चमध्येही होते. परतफेड ९९ टक्क्यांच्या पुढे असल्याचे ती संस्था सांगते. आपल्या एका मध्यम जमाअतीत दोनशे कुटुंबे असतील आणि प्रत्येकाने एकदाच पाचशे रुपये दिले, तर एक लाख जमतात. त्यांतून दहा हजारांची दहा कर्जे देता येतात. प्रत्येकाने महिन्याला हजार रुपये फेडले तर दर महिन्याला किमान एक नवे कर्ज उभे राहते. मशिदीच्या संगमरवरी फरशीचा खर्च किती झाला होता, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. (ठेवी स्वीकारायच्या असतील तर मात्र रीतसर नोंदणी केलेली पतसंस्थाच हवी; नुसत्या भरवशावर ठेवी गोळा करणाऱ्यांनी अनेक घरे बुडवली आहेत.)

जकात या कामी वापरता येते काय, असा प्रश्न येईलच. ती कर्ज म्हणून फिरवण्याविषयी मतभेद आहेत; हनफी फिक्हनुसार ती गरिबाच्या मालकीची करून द्यावी लागते. परंतु कारागिराला अवजारांपुरती आणि व्यापाऱ्याला भांडवलापुरती जकात द्यावी, हे इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट लिहिले आहे आणि कोकणातील आपले शाफई बांधव त्यांनाच मानतात. तरीही रमजानमध्ये शंभर-शंभर रुपयांच्या नोटा वाटण्याची रीत तिथेही सुटलेली नाही.

‘लोक पैसे बुडवतात’ हा आक्षेप खोटा नाही. कर्जदारावरही भार आहे आणि तो लहान नाही. ज्याच्यावर कर्ज होते आणि फेडीची सोय नव्हती, त्याच्या जनाज्याची नमाज पढवण्यास प्रेषित (स.) पुढे झाले नाहीत, हजरत अबू कतादा (र.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले तेव्हाच ते पुढे आले. बिनव्याजी म्हणजे बिनफेडीचे, असा समज करून घेणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. म्हणूनच कर्ज लिहून घ्यावे, दोन साक्षीदार असावेत, हप्ता ठरवावा. भावाकडून कागद कसा घ्यायचा, हा संकोच कुरआनाच्या आज्ञेपुढे टिकत नाही. आणि खरोखरच कोणी कोसळला, तर जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जाने दबलेल्यांचा स्वतंत्र उल्लेख आहेच.

एक मदत मात्र अशी आहे की तिला निधी लागत नाही, समिती लागत नाही. ऐपतदाराने देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषितांचे (स.) वचन बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. ईदच्या आधी शिंप्याकडून चार जोड शिवून घेणारे, लग्नासाठी बिर्याणीच्या देगा मागवणारे, घराचे फर्निचर करून घेणारे आपणच असतो. ‘पुढच्या महिन्यात देतो’ हे शब्द आपण सहज बोलून जातो. तो महिना शिंपी कसा काढतो? वर सांगितलेल्या त्याच वसुलीवाल्याच्या दारात जाऊन. लहान उत्पादकांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असा २००६ चा कायदा खरेदीदारांना बांधतो. आपल्यापैकी कोणाच्या वहीत किराणा दुकानदाराचे, रंगाऱ्याचे, इस्त्रीवाल्याचे देणे त्याहून जुने झाले असेल, तर ते आज असरपूर्वी देऊन यावे.