घरच्यांची तरतूद

तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, आठव्या वचनी, पौल प्रेषिताने फार कठोर बोल लिहिला आहे. जो घरच्यांकडे पाठ फिरवितो, त्याने तोंडाने कितीही साक्ष दिली तरी प्रेषिताच्या मते त्याच्या ठायी विश्वास उरला नाही; ख्रिस्ताला न ओळखणारा शेजारी त्याच्याहून बरा. हे वचन बहुधा बायकापोरांविषयीच समजले जाते. परंतु मागचेपुढचे वाचले असता दिसते की, तेथे प्रेषिताच्या डोळ्यांपुढे विधवा आहेत, म्हणजे म्हाताऱ्या आया व आज्या.

आपल्या खेड्यांतील पुष्कळ तरुण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे पोटासाठी गेले आहेत. पूर्वी त्यांची मनीऑर्डर येई. सन १८८० पासून चालत आलेली टपालाची ती जुनी पद्धत सन २०१५ मध्ये बंद झाली. आता मोबाईलवरून पैसे क्षणात पोहोचतात. तेव्हा ज्या घरी महिनोन्‌महिने काही येत नाही, तेथे अडचण टपालाची नव्हे. असा एखादा तरुण नाताळात गावी येतो, उपासनामंदिराच्या छपरासाठी मोठी वर्गणी देतो, आणि त्याचे नाव सर्वांपुढे वाचले जाते. त्याची आई मागच्या चटईवर बसलेली असते. वाण्याकडे तिची उधारी किती झाली, हे कोणी विचारीत नाही. आम्ही सेवकही विचारीत नाही, हा आमचा दोष होय. आईबापांच्या हक्काचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले असे सांगून जे हात झाडून मोकळे होत, त्यांस प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात दोष लाविला आहे. वृद्ध आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता यावा म्हणून सन २००७ मध्ये आपल्या देशात कायदाही झाला. पण ख्रिस्ती मुलाच्या आईवर ते दार ठोठावण्याची पाळी का यावी?

तथापि या वचनाचा धोंडा करून कोणी गरिबास मारू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचे पुढारी दत्ता सामंत हे घाटकोपरास डॉक्टरकी केलेले गृहस्थ. सुमारे अडीच लक्ष कामगार संपात होते, आणि पुष्कळांस ते काम पुन्हा मिळाले नाही. कित्येक घरी बायकांनी डबे करून, भाजी विकून चूल पेटती ठेविली. त्या घरचे पुरुष विश्वास सोडलेले ठरले काय? मुळीच नाही. एक जण दारूच्या गुत्त्यावरून रित्या हाताने येतो, दुसरा नाक्यावर दिवसभर काम शोधून रित्या हाताने येतो. प्रेषिताचे बोलणे पहिल्याशी आहे. आणि सोळाव्या वचनात तोच भार त्याने विश्वासी स्त्रीवरही ठेविला आहे, हे पुरुष वाचक सहसा विसरतात.

वधस्तंभावर प्रभूजवळ द्यावयास काहीच नव्हते. वस्त्रेही शिपायांनी वाटून घेतली होती. तरी त्याने आईकडे पाहिले आणि तिला आपल्या शिष्याच्या स्वाधीन केले.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारी वर्गणीची यादी वाचण्यापूर्वी मागच्या चटईपाशी जा, आणि मुलाकडून काही आले काय, हे त्या म्हातारीस हळूच विचारा.