मरीआईचा बकरा आणि प्रयोगशाळेतील माकड



पहिले शील म्हणताना तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात हा प्रश्न आला असेल. दीक्षेनंतर आपण मरीआईचा बकरा बंद केला. मग माकडे मारून पारखलेली लस लेकरांना कशी टोचावी? प्रश्न खोडसाळ नाही. त्याला बगल देऊ नका.

आधी एक प्रयोग पाहा. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ भडकली; २०१६ पर्यंत ११,००० हून अधिक माणसे दगावली. लस टोचल्यावर किती दिवसांत गुण येतो, हे कळणे निकडीचे होते. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी माकडांच्या गटांना वेगवेगळ्या दिवशी लस दिली आणि मग विषाणू टोचला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७ दिवस आधी लस मिळालेली सर्व वाचली. ३ दिवस आधी मिळालेल्यांतली काही वाचली, सगळी नाही. इबोलाची लस नसलेले एकही वाचले नाही. ३ दिवसांत प्रतिपिंडे पुरती तयार होत नाहीत. शरीराची उपजत शक्तीच लसीने आधी जागी होत असावी. त्याच वर्षी गिनी देशात रुग्णांच्या सहवासातील माणसांना तीच लस तातडीने दिली. १० दिवसांनंतर त्यांच्यात नवा रुग्ण आढळला नाही.

आता बकरा. पिढ्यान्‌पिढ्या बकरे, रेडे कापले. त्यातून कोणाला काय कळले? साथ हटली तर देवी पावली, न हटली तर कोपली! चूक उघडी पडायला वाटच नव्हती. शिवाय मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग शेजारच्या गावाच्या माथी. त्या कामाला कोणाला जुंपीत, ते तुम्हांला सांगायला नको.

मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत तथागतांनी भेद केला, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दाखविले आहे. पण सावध राहा. गरजेचे नाव यज्ञवालेही घेत. म्हणून विचारावे : दुसरा मार्ग होता का? कमी प्राण्यांत भागले असते का? वेदना कमी करता आल्या असत्या का? रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे हेच प्रश्न ठेवले.

माझ्या मते लस घ्यावी, लेकरांना द्यावी. तरी माकडाची संमती कोणी घेतली नव्हती, हे उरतेच. ३ दिवसांच्या गटातले जे वाचले नाही, त्याच्यामुळेच तेवढ्या अवधीवर विसंबता येत नाही हे कळले. लेकराने विचारले तर त्याचीही हकिकत सांगा.