बापाचं औषधपाणी आणि अर्धा एकर

वडील अतिदक्षता विभागात आहेत. आशा थोडी आहे, पण प्रयत्न करता येतील, असं डॉक्टर म्हणतात. आणि बिलाच्या खिडकीवर रोज संध्याकाळी ‘आणखी पन्नास हजार भरा’ असं सांगितलं जातं. गावाकडे अर्धा एकर उरला आहे, बहिणीचं लग्न व्हायचं आहे. अशा वेळी मुलाचा धर्म काय? आपण याला धर्मसंकट म्हणतो आणि निवाडा त्या मुलावर सोपवून मोकळे होतो. पण त्यानं ‘थांबा’ म्हटलं, तर ते बापाचे हाल बघवेनात म्हणून की पैसे संपले म्हणून, हे त्याचं त्यालाही जन्मभर उमगणार नाही. ‘चालू ठेवा’ म्हटलं, तर ते मायेपोटी की भावकीच्या बोलण्याच्या धाकानं, हेही नाही. नीतीचा निर्णय घ्यायला माणूस मोकळा असावा लागतो, आणि बिल ती मोकळीकच हिरावून घेतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, उपचार थांबवण्याविषयी आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. मुलांवर कर्ज होईल या भीतीनं त्या कागदावर सही करणाऱ्या म्हाताऱ्यानं हा हक्क बजावला, असं मी तरी म्हणणार नाही.

परिस्थिती सुधारते आहे, हे खरं. देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. सरकारी हिशेबानुसार 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेनं कित्येकांच्या शस्त्रक्रिया निभावल्या. मात्र या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बहुतेक घरं मेडिकलमधूनच आणतात, काही तर महिनाअखेरीला त्या एक दिवसाआड घेतात, आणि त्यातूनच कधीतरी अतिदक्षता विभागाची वेळ येते. मुलासमोरचा तो पेच अनेकदा अशा चुकलेल्या गोळ्यांपासून सुरू झालेला असतो.

आजार हा प्रारब्धाचा भोग आहे, असं मानणारे पुष्कळ आहेत. ती श्रद्धा मी खोडून काढत नाही. पण दुखणं प्रारब्धात असलं तरी बिल कुणी भरायचं हे माणसांनीच ठरवलेलं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गरीब देशाकडे पैसा कमी, कुठेतरी नाही म्हणावंच लागणार. म्हणावं लागेलच. पण या उपचाराचा आता उपयोग नाही म्हणून दिलेला नकार आणि सात-बाऱ्यावरून नाव गेलं म्हणून आलेला नकार यांत नीतीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. थायलंडही श्रीमंत नव्हता, तरी 2002 साली त्यानं सगळ्या नागरिकांना सार्वजनिक खर्चातून उपचार द्यायचं ठरवलं. आपल्या 2017 च्या आरोग्य धोरणानं सरकारी खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं म्हटलं होतं; 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता.

मग दानधर्म आहेच की, असं म्हटलं जातं. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही तरतूद चांगली आहे, तिनं जीव वाचले आहेत. पण तिच्यासाठी नातेवाइकाला आधी आपलं दारिद्र्य सिद्ध करावं लागतं. तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तो टेबलामागून टेबल फिरतो, तेही नेमक्या त्या तासांत, जेव्हा त्यानं बापाच्या उशाशी बसायला हवं असतं.